घरचाच लांडगा

जत्रेच्या दिवशी तात्याबाच्या तोंडून बिरदेव बोलतो, हे वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. भंडाऱ्यानं पिवळाधमक होऊन तो घुमतो आणि पुढच्या सालाची भाकणूक सांगतो. ती ओळ तो मेंढरांमागं फिरताना आधीच जुळवून ठेवतो, हे मात्र त्याच्या एकट्याच्या पोटात.

यंदाची ओळ होती, ‘घरचाच लांडगा घरची मेंढरं खाईल.’ वाडीतल्या भाऊबंदकीवर त्यानं ती बेतली होती. झकास जमली म्हणून स्वारी खूशही होती. कर्म त्याचं!

ओळ सांगून झाली. ढोल थांबताच गर्दीतला मेंढरं गमावलेला बाळासो ओरडला, “आकाराम! मेंढरं चोरीला जात्यात ती ह्योच इस्लामपुरात इकतोय!”

आकाराम म्हणजे तात्याबाचा घरजावई, टेम्पो चालवून पोट भरणारा. तोंड उघडायच्या आत त्याच्या डोक्यात काठी बसली. दुसऱ्या काठीनं दात पडले. ज्यांच्या लग्नात त्यानं पंगती वाढल्या, तेच त्याला लाथांनी तुडवत होते. मातीतला भंडारा रक्तानं लाल झाला.

तात्याबा गर्दीत घुसला. “आरं थांबा! लांडगा म्हंजी आपली भांडणं रं! मीच रचलीया ती ओळ, मला ठावं न्हाई व्हय?”

“तात्या, बाजूला व्हा,” बाळासोनं त्याला ढकललं. “बोलला द्येव. तुमी निस्तं तोंड. अर्थ लावायचं काम आमचं.”

यात खोटं काहीच नव्हतं. अशाच ओळींवरून वाडीनं सोयरिकी मोडल्या, भाऊ वेगळे काढले. मान मिळत होता तोवर तात्याबानं कधी ब्र काढला नव्हता.

“आबा, मारत्यात वो त्येला!” त्याची लेक अपेक्षा किंचाळली. आकारामचा हात आता डोकं झाकायलाही उठत नव्हता.

तात्याबानं मूठभर भंडारा तोंडाला फासला आणि तो घुमू लागला. अंगात नुसती भीती होती. “लांडगा तात्याबा हाय! मेंढरं तात्याबानं इकली!”

काठ्या थांबल्या. बाळासोनं हात जोडले. “द्येवा, ह्येचा अर्थ काय धरायचा?”

इतक्या वर्षांत अर्थ पहिल्यांदाच कुणी त्याला विचारत होतं. तात्याबानं लेकीकडं एकदा डोळे भरून बघून घेतलं.

“बोललो त्योच,” तो म्हणाला.

बाळासोनं आधी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, मग काठी उचलली.