दादांनी फिरवलेला काटा

मी एक जुने लेथ मशीन आहे. लोखंडाचा दांडा माझ्या जबड्यात घट्ट धरायचा, गरगर फिरवायचा आणि हत्याराने तासून त्याला आकार द्यायचा, हे माझे काम. मित्रांनो, मला बोलता येत नाही याचे वाईट आयुष्यात एकदाच वाटले. तेच आज सांगतो.

एका फाउंड्रीत वितळलेले लोखंड साच्यात ओतून माझे अंग घडवले गेले. तेथून मी दोन भावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलो. थोरले टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे; सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांनी नुसत्या बोटांनी चाचपून सांगितलेले माप सहसा चुकत नसे. धाकटा वायरमन. त्याच्या खिशाला कायम वीज तपासायचा टेस्टर असे, म्हणून सगळे त्यालाच टेस्टर म्हणत, आणि दादांची बायको, म्हणजे वहिनी, टेस्टरभावजी. तो आत आला की आधी माझ्या मोटरवर तळहात ठेवी आणि मगच दादांशी बोले. मोटरमधल्या तारांची वेटोळी, म्हणजे कॉइल, जुनी झाली तेव्हा चार दिवस जमिनीवर मांडी घालून त्याने ती नव्याने गुंडाळली. त्या वेळी मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

त्यानंतर महिन्याभराची गोष्ट. पंपाच्या दांड्यांचे घाईचे काम आले होते. टेस्टर दुसरीकडे कामाला गेला होता. मी मधूनच गुणगुणू लागलो, जोर कमी पडू लागला आणि सकाळपासून चारदा बंद पडलो. मोटरला तीन तारांतून, म्हणजे तीन फेजमधून, वीज येते; ती जास्त वीज ओढू लागली की तिला थांबवणारा रिले माझ्या विजेच्या पेटीत आहे. तो आपले काम चोख करत होता. पण दादा घायकुतीला आले होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मोटरला किती वीज ओढू द्यायची ते ठरवणारा रिलेचा काटा पार टोकाला फिरवला. मग मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मोटरमधून धूर निघाला.

टेस्टर धावत आला. त्याने मोटर उघडली.

"दादा, हे बघ. दोन फेजच्या कॉइल काळ्या पडल्यात, तिसरी कोरी आहे. तार गुंडाळण्यात चूक असती तर अशी जळाली नसती. कुठेतरी एक फेज मध्येच तुटतोय. पेटी उघडू दे मला."

"तुझ्या हातची मोटर महिनाभर टिकली नाही, आणि वर मलाच शिकवतोस?" दादांचा आवाज चढला. "पेटीला हात लावायचा नाही! आयुष्यभर तारा चिवडल्यास, काम येतं कुठं तुला?"

शेडमध्ये दोन गिऱ्हाइके उभी होती. टेस्टरने त्यांच्याकडे पाहिले, आपली हत्यारे गोळा केली आणि मान खाली घालून निघून गेला. काटा कोणी फिरवला ते मला ठाऊक होते, पण सांगता येत नव्हते. पुढे दूर कुठे कारखान्यात लागला, असे कानावर आले.

दादांनी नवी मोटर बसवली. तीन महिन्यांत तीही गुणगुणू लागली. या वेळी मोटर दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी मला चालू ठेवून एकेका तारेला मीटरचा चिमटा लावला. दोन तारांत भरपूर वीज, तिसरीत शून्य. मग वीज तोडून त्यांनी पेटी उघडली. बटण दाबले की मोटरला वीज जोडून देणारा कॉन्टॅक्टर त्यांनी खोलला. त्याचे एक टोक जळून कोळसा झाले होते.

"आणि रिलेचा हा काटा कोणी फिरवला?"

दादांनी स्वतःकडे बोट दाखवले आणि कोपऱ्यात पडलेली पहिली, जळालेली मोटर पुढे ओढली.

"पहिल्या मोटरच्या कॉइल बघूनच हे कळायला हवं होतं. कोणीच सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं," दादा म्हणाले आणि स्टुलावर बसले.

त्यांनी टेस्टरला पत्र पाठवले. उत्तर आले नाही. पुढे दोन वर्षांनी वहिनी आजारी पडल्या, तेव्हा टेस्टर त्यांना भेटायला आला आणि जाताना शेडच्या दारात थांबला. दादांची धांदल उडाली. हात पुसत ते म्हणाले, "चुकलो रे मी तेव्हा. ये ना आत. जरा बघतोस का, आवाज बरोबर येतोय का या मोटरचा?"

माझी मोटर ठणठणीत होती. दादांनाही ते ठाऊक होते. मी जमेल तितका सुरेल फिरत होतो.

टेस्टरने दारातूनच ऐकले. हात खिशातून बाहेर काढला नाही. "चांगल्या वायरमनला दाखव, दादा," तो हळूच म्हणाला आणि बसच्या वेळेचे निमित्त सांगून गेला.

मित्रांनो, जळालेली मोटर तीन दिवसांत बदलता आली, दुखावलेला भाऊ मात्र परत आला नाही. म्हणून तुम्हाला विनवतो, यंत्र बिघडले तर पेटी उघडून नीट पाहा आणि जाणत्या माणसाचे पूर्ण ऐकून घ्या. त्या दिवशी दादांनी दहा मिनिटे ऐकले असते, तर माझ्या मोटरवर आजही त्या धाकट्याचा हात असता.