पाच बेचाळीसची फाइल

नंदकिशोरला संशयी म्हटलेलं चालत नाही. तो स्वतःला सावध म्हणवतो. आता सावध म्हणजे कसा, तर एपीएमसी मार्केटातून आणलेली मेथीची जुडी घरी आल्यावर सोडून आत गवत तर नाही ना बघणारा. लिफ्टमध्ये शेजारी हसून बोलला, तर याला आपल्याकडून काय पाहिजे असेल, याचा दोन दिवस विचार करणारा. त्याची बायको स्मिता म्हणायची, तुमच्या डोक्यात एक वॉचमन बसलाय आणि तो कधी सुट्टीवर जात नाही.

पण त्या वॉचमनने एका माणसाला कधी अडवलं नव्हतं. बतूलला.

सानपाड्यात स्टेशनपासून पाच मिनिटांवर नंदकिशोरचं टायपिंग-सेटिंगचं दुकान. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, शाळांची नियतकालिकं, कधीमधी एखादं पुस्तक. बतूल तिथे सोळा वर्षं कामाला. माहेर श्रीवर्धनकडचं, राहायला कामोठ्यात, नवरा युसुफ मार्केटात सुक्यामेव्याच्या गाळ्यावर. मराठी टाइप करायला बसली की तिचे हात बघत राहावं. गिऱ्हाइकाने चुकीचं लिहून आणलेलं ती न विचारता नीट करायची आणि गिऱ्हाईक ते स्वतःचंच समजून खूश होऊन जायचं. दुकानाच्या चाव्या दोन होत्या, एक नंदकिशोरकडे आणि एक तिच्याकडे. अकरा वाजता शटर तीच उघडायची. हा आपला जेवूनखाऊन एकच्या सुमाराला यायचा.

दुकानातला कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. त्यात जुनी विंडोज होती आणि तिच्यावर चालणारे जुने मराठी फाँट. नव्या मशीनवर ते फाँट उघडले की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी चौकोन आणि डॉलरची चिन्हं दिसायची. वीस वर्षांचं काम त्या एका डिस्कवर, म्हणून ते मशीन बदलायची कोणाची छाती होत नव्हती. दिवाळीत मेलमधून व्हायरस आला आणि सगळं जाता जाता वाचलं. तेव्हा पुतण्या अभिराम आला, त्याने पेटी उघडून आत दुसरी हार्ड डिस्क बसवली आणि तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं.

"काका, आता एका घरात दोन बिऱ्हाडं," अभिराम म्हणाला. "चालू करताना एफ बारा दाबायचं, मग ते विचारतं कुठे जायचं. मेल, व्हॉट्सॲप, इंटरनेट सगळं नवीनवर. सेटिंग जुन्यावर. जुन्याचं इंटरनेट मी तोडून टाकलंय. याची फाइल त्याच्याकडे न्यायची तर पेनड्राइव्हने न्यायची, थेट नाही."

नंदकिशोरने ते नवीन बिऱ्हाड एकदा उघडून बघितलं. ओळखीचं एकही बटण दिसेना. "बतूल बघेल ते," म्हणून त्याने हात झटकले. आणि तिथेच माशी शिंकली. कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या दुकानात एक खोली तयार झाली होती, जिथे बतूल रोज जायची आणि त्याला जाता यायचं नाही.

महिनाभर काही नाही. मग एका शुक्रवारी संध्याकाळी, बतूल गेल्यावर, सुगत सरांचा फोन आला. सुगत सर रिटायर्ड शिक्षक. आपल्या वडिलांच्या आठवणींचं पुस्तक स्वतःच्या पैशाने काढत होते, आणि पुढच्या शनिवारी ते छपाईला जायचं होतं. वडिलांच्या नावात एक चूक राहिल्यासारखं वाटतंय, तेवढं पान बघता का, म्हणाले. नंदकिशोर स्वतः मशीनवर बसला. जुनी विंडोज उघडीच होती. त्याने पुस्तकाची फाइल शोधली. नावापुढे तारीख आणि वेळ होती. त्याच दिवसाची तारीख, आणि वेळ सकाळी पाच बेचाळीस.

त्याने चष्मा पुसला. परत बघितलं. पाच बेचाळीस.

वरची फाइल कालची, सकाळी सहा पाच. तिच्यावरची परवाची, पाच अठ्ठावन्न. गेला महिनाभर जवळजवळ रोज कुठली ना कुठली फाइल पहाटे उघडून सेव्ह केलेली होती. दुकान उघडतं अकराला. चाव्या दोन. आणि तो स्वतः पाच बेचाळीसला कुठे असतो, हे स्मिताच्या कानांना विचारा, इतका घोरतो.

वडिलांचं नाव बघायचं राहूनच गेलं. आता त्याला एकेक गोष्ट आठवायला लागली. परवा तो आत शिरला आणि स्क्रीन काळी झाली. का झाली? विचारलं तर म्हणाली, "रिस्टार्ट करतेय भाऊ." तिच्या पर्समध्ये हल्ली पेनड्राइव्ह असतो. तो पर्समध्ये कशाला? वीस वर्षांच्या पत्रिका, चित्रं, नक्ष्या, सगळं त्याच्या घामाचं. पहाटे येऊन ते दुसऱ्या कोणाला विकत असेल तर? किंवा त्याच्याच मशीनवर बाहेरची कामं करत असेल? गंमत बघा, पेनड्राइव्ह वापरायला सांगणारा अभिराम होता आणि तेव्हा हा शेजारीच उभा होता. पण संशय एकदा डोक्यात घुसला की माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं.

रविवारी त्याने स्मिताला सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं.

"कामोठ्याहून पहाटे पाचला? बाई उडत येते का?" ती म्हणाली. "आणि सरळ विचारा ना तिला."

"विचारलं की सावध होईल."

"सोळा वर्षांत तिने तुमचा एक खिळा घरी नेलेला नाही. तुमच्या आईच्या आजारपणात महिनाभर दुकान एकटीने चालवलंन. विसरलात?"

तो विसरला नव्हता. पण आता त्याला तेही वेगळंच दिसायला लागलं होतं. महिनाभर एकटी होती, तेव्हा काय काय केलं असेल, कोण जाणे. स्वतःच्या मनात असं यावं याची त्याला क्षणभर लाज वाटली. क्षणभरच.

सोमवारी पावणेपाचला तो दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला, डोक्याला मफलर गुंडाळून. टपरी राजाबाईची. ती सानपाडा गावातली, जुनी.

"दुकान तुमचाच हाय ना?" ती स्टोव्ह पेटवताना म्हणाली. "मंग भायेर कनाला बसलाव?"

"कोणाची तरी वाट बघतोय."

"बगा, बगा," म्हणून तिने त्याला चहा दिला. साडेदहापर्यंत त्याने पाच चहा घेतले. दूधवाला गेला, शाळेच्या बस गेल्या. शटरजवळ कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. अकराला पाच कमी असताना बतूल आली, शटर वर केलं, उंबऱ्यावर पाणी मारलं आणि आत गेली. ऊन चढल्यावर हा मफलर काखेत मारून घरी गेला.

त्या संध्याकाळी त्याने पुन्हा फाइल बघितली. आजचीच तारीख, सकाळी सहा बारा.

आता कोणीही शहाणा माणूस काय म्हणेल? सहा बाराला मी स्वतः शटरसमोर बसलो होतो, कोणी आलं नाही, म्हणजे हे यंत्रच काहीतरी गडबड करतंय. पण नंदकिशोरच्या डोक्यातल्या वॉचमनला वेगळंच सुचलं. मागचं दार. बिल्डिंगच्या जिन्याकडे उघडणारं. तिथे कोण बघत होतं? त्याने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, सोळा वर्षांवर ठेवला नाही, आणि ठेवला तो त्या म्हाताऱ्या पेटीवर.

मंगळवारी तो अकरालाच दुकानात हजर झाला. नेमके सुगत सरही आले होते, शेवटची प्रुफं घेऊन. बतूल त्यांना पान दाखवत होती. सर आहेत, नंतर बोलू, एवढं भानही त्याला राहिलं नाही.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तुम्ही पहाटे दुकानात काय करता?"

बतूलने मान वर केली. सोळा वर्षं हा माणूस तिला 'तू' म्हणत आला होता. 'बतूल, चहा घेतेस?' 'बतूल, जा आता घरी, युसुफ वाट बघेल.' ते 'तुम्ही' तिला आधी लागलं, प्रश्न मागाहून.

"पहाटे?"

"पाच बेचाळीस, पाच अठ्ठावन्न, सहा बारा. महिनाभराचं आहे माझ्याकडे. लिहून ठेवलंय." त्याने खिशातून कागद काढला.

तिने कागद घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग वळून स्क्रीनकडे बघितलं, नुसतं एकदा. परत वळली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज सरळ होता.

"भाऊ, त्या वेळेला मी घरी असते. नमाज पढत असते."

"असाल. पण बघितलंय कोणी?"

सुगत सर खुर्चीतून अर्धवट उठले. "अहो, असं काय बोलता," असं काहीतरी पुटपुटले. बतूलने हाताने त्यांना बसा अशी खूण केली. पर्स उघडली, पेनड्राइव्ह काढून कीबोर्डवर ठेवला, शेजारी दुकानाची चावी ठेवली.

"सर, तुमच्या वडिलांचं नाव मी नीट केलंय," ती सुगत सरांना म्हणाली. "चौतीस आणि एक्याऐंशी पान. बाकी वीस पानं राहिलीत." आणि गेली. तिने एकदाही आवाज चढवला नाही. भांडली असती तर नंदकिशोरला बरं वाटलं असतं.

दुपारी त्याने अभिरामला फोन लावला. "ती तुझी नवीन डिस्क काढून टाक. तिच्यातूनच सगळी भानगड झाली." आणि सगळं सांगितलं, वेळांसकट.

अभिराम म्हणाला, "काका, मशीनवर आत्ता किती वाजलेत?"

"दिसत नाही. खालची पट्टी बतूलने लपवलीय, पान मोठं दिसावं म्हणून."

"माउस खाली न्या. पट्टी वर येईल."

पट्टी वर आली. कोपऱ्यात नऊ वाजून पाच मिनिटं दाखवत होती. सकाळचे. भिंतीवरच्या घड्याळात दोन पस्तीस झाले होते.

"साडेपाच तास मागे आहे ना? माझी चूक, काका. पेटीत घड्याळ एकच असतं. लिनक्स ते लंडनच्या वेळेला लावून ठेवतं, विंडोज तीच वेळ इथली समजतं. सकाळी आधी मेल बघायला नवीनवर गेलं आणि मग जुन्यावर आलं, की अकरा बाराचे पाच बेचाळीस दिसणार. एक सेटिंग बदलायचं असतं, माझ्याकडून राहून गेलं. दोन मिनिटांचं काम." तो हसला. "तुम्ही बतूलमावशीला काही बोलला नाहीत ना?"

नंदकिशोरने फोन ठेवला. सुगत सर अजून तिथेच बसलेले होते, वीस पानं मांडीवर घेऊन. ते जुने फाँट, त्यांच्या जोडाक्षरांच्या खुब्या, सगळं बतूलच्या बोटांत. नवी मुंबईभर शोधून दुसरं कोणी मिळालं नसतं. पण खरं सांगायचं तर त्या घडीला त्याला पुस्तकाची पर्वा नव्हती. 'बघितलंय कोणी' हे आपल्या तोंडून गेलं कसं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

बुधवारी संध्याकाळी तो कामोठ्याला गेला. दार युसुफने उघडलं. "या," म्हणाला, पण नेहमीसारखा हात पुढे केला नाही. बतूल पाणी घेऊन आली आणि समोर बसली.

"चूक झाली," नंदकिशोर म्हणाला. "माझी. घड्याळ साडेपाच तास मागे होतं. अभिरामने सांगितलं."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तुमी कागद दिलात तेव्हाच. स्क्रीनकडे बघितलं आणि कळलं. घड्याळ मागे पडतं ते मी रोज बघते, कामाला नडत नाही म्हणून सोडून दिलेलं."

"मग तिथल्या तिथे सांगायचं ना. एका वाक्यात मिटलं असतं."

"हो, मिटलं असतं," बतूल म्हणाली. "पण तुमी विचारलंत ते मशीनचं नव्हतं. माझ्या नमाजला साक्षीदार मागितलात. त्याला मी घड्याळाचं उत्तर का द्यायचं?"

युसुफ खिडकीबाहेर बघत राहिला. नंदकिशोरने ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तू परत ये," तो म्हणाला. "मी हात जोडतो."

"सुगत सरांची वीस पानं मी करून देईन. त्यांनी काय केलंय? शनिवारपर्यंत येईन. पण एक आहे, साहेब. एकटी बसणार नाही. तुमी शेजारी खुर्ची टाकून बसायचं. मी आले की वेळ बघायची, निघाले की बघायची, आणि मोठ्याने सांगायची. उद्या कोणी विचारलं तर बघणारं माणूस पाहिजे."

सोळा वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच साहेब म्हणाली होती.

गुरुवारी ती आली. नंदकिशोर आधीच येऊन खुर्चीत बसला होता. ती उंबऱ्याशी उभी राहिली, आत येईना. त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने भिंतीकडे बघितलं. "दहा सत्तावन्न," तो म्हणाला. तेव्हा ती आत आली. संध्याकाळी पर्स उचलून ती तशीच थांबली, आणि त्याने सांगितलं, "सहा पस्तीस." शुक्रवारी तेच. दिवसभर तो तिच्या शेजारी बसून तिचे हात बघत होता. मधे दोनदा त्याने चहा घेतेस का विचारलं. तिने नको म्हटलं.

शनिवारी पाचच्या आत वीस पानं झाली. सुगत सर पेढे घेऊन आले होते. तिने एक घेतला, त्यांच्या वडिलांबद्दल दोन शब्द बोलली. मग मशीन बंद केलं, पर्स उचलली आणि नंदकिशोरसमोर येऊन उभी राहिली.

त्याने घड्याळाकडे बघितलं. आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण तिला ऐकायचं होतं ते एवढंच.

"पाच दहा," तो म्हणाला.

"बरोबर," बतूल म्हणाली, आणि गेली.