काट्रीनाची मांस मुरवायची बरणी

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी बरणी आहे. तुमच्या घरी माझ्या बहिणी कैरीचे लोणचे सांभाळत असतील. माझ्या नशिबी रानातले मांस आले. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, नऊ वर्षांपूर्वीपर्यंत तरी नव्हती.

भट्टीत माझी एक बाजू जास्त भाजली आणि तिथली झिलई काळवंडली, म्हणून शहरातल्या दुकानदाराने मला नाकारले. एका फेरीवाल्याने मला गाडीत टाकून कारू नावाच्या कोरड्या माळावर आणले. तिथे काट्रीनाच्या आईने एक कोंबडा देऊन मला घेतले. पुढे लग्न होऊन काट्रीना अपोल्सच्या घरी आली तेव्हा मीही कांद्यांनी भरून तिच्याबरोबर आले.

अपोल्स शेतमालकाकडे कुंपणे दुरुस्त करायचा आणि हिवाळ्यात शिकारीचे दिवस आले की कुडू सोलायचा. कुडू म्हणजे घोड्याएवढे हरीण. त्याच्या मांड्या आणि पाठ मालकाच्या घरी जात. मान आणि नळ्या मजुरांच्या. कुडूची मान नुसती शिजवली तर चपलेचा तळ चावल्यासारखे वाटते, कारण त्या मांसात चरबी औषधालाही नसते. काट्रीना तिचे हाडासकट तुकडे करून माझ्यात घाली. वरून व्हिनेगर, पाणी, कांदा, भाजून भरडलेले धने, लवंगा, तमालपत्र. मग मला घराच्या सावलीच्या बाजूला, थंडीत, तीन दिवस ठेवायचे आणि सकाळ-संध्याकाळ लाकडी चमच्याने तुकडे उलटे करायचे. चौथ्या दिवशी ती ते पुसून कोरडे करी, तीन पायांच्या लोखंडी भांड्यात मेंढीच्या शेपटीच्या चरबीत तांबूस परते, मूठभर सुके जर्दाळू टाकी आणि झाकण लावून दुपारपर्यंत मंद निखाऱ्यांवर सोडून देई. झाकणाला कोणी हात लावला तर त्याची खैर नसे.

शेजारची सोफी वासावरच यायची. "काट्रीना, या नवऱ्याला कधी मुरवलंस का गं व्हिनेगरमध्ये? मानेपेक्षा वातड तोच आहे."

"चाळीस वर्षं मुरतोय बाई मी," अपोल्स म्हणे. "अजून नरम झालो नाही म्हणते."

त्यांचा एकुलता एक मुलगा येफ्ता. मणक्यांतला गर तो असा चोखून खायचा की कुत्र्याला हाड टाकायची लाज वाटावी. अशा वेळी मला फार बरे वाटायचे, कारण ते मांस नरम करण्यात माझाही वाटा होता.

मग तो दुष्काळाचा हिवाळा आला. शिकारी आले नाहीत, त्यामुळे माना आल्या नाहीत. वीस वर्षांचा येफ्ता कुत्री घेऊन मालकाच्या दरीत गेला आणि कुडू मारून आला. माझ्यात पहिल्यांदाच मांडी पडली.

"हे कुठलं?" काट्रीनाने विचारले.

"रानातलं."

"रान कुणाचं?"

"मा, भूक कुणाची ते विचार."

ती धने भाजायला लागली.

तिसऱ्या दिवशी मालक अंगणात आला. दरीत कुडूचे आतडे सापडले होते. त्याने घराची झडती घेतली नाही, फक्त विचारले, "अपोल्स, तुला काही ठाऊक आहे का?" अपोल्सला नाही म्हणता आले असते. मालकाने मानलेही असते. पण तो माझ्याकडे आला, त्याने माझे झाकण उचलले आणि म्हणाला, "मांडी आहे, मालक. आमच्या वाट्याला मांडी येत नाही."

येफ्ता दारातच उभा होता. त्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. सुटल्यावर तो कपडे न्यायला आला तेव्हा बापाला एवढेच म्हणाला, "पा, झाकण तसंच राहू दिलं असतंस तर काय झालं असतं?"

"मला झोप लागली नसती."

"आता लागते?"

येफ्ता डोंगरापलीकडच्या द्राक्षमळ्यांत कामाला गेला आणि नऊ वर्षे परत आला नाही. आईला फोन करायचा, बापाची चौकशी करायचा नाही. काट्रीना दर हिवाळ्यात मान मुरत घाली. अपोल्स दोन घास खाऊन उठे. मी पुन्हा पुन्हा भरले गेले, पण माझ्या झाकणाला अपोल्सने त्यानंतर कधी हात लावला नाही.

यंदा थंडीच्या सुरुवातीलाच त्याच्या छातीने दगा दिला. दवाखान्यातल्या नर्सने काट्रीनाला बाजूला घेऊन काय ते सांगितले. त्या दिवशी अपोल्स म्हणाला, "त्याला बोलाव. म्हणावं, मान मुरत घातलीय." मित्रांनो, ती त्या माणसाची माफी होती. याहून मोठी त्याला येत नव्हती.

"शनिवारी येतो," येफ्ता फोनवर म्हणाला. काट्रीनाने बुधवारी मान माझ्यात घातली. शनिवारची बस आली आणि कोणी न उतरता गेली. "छाटणीचं काम निघालं, मा. मंगळवारी नक्की." मंगळवारही गेला.

"काट्रीना, काढ ते आता," सोफी म्हणाली. "भुगा होईल त्याचा."

"राहू दे," आतून अपोल्स म्हणाला. बोलताना त्याला धाप लागत होती. "तो आला की चढव. आम्ही दोघं बरोबर जेवणार आहोत."

काट्रीनाने व्हिनेगर पातळ केले, तुकडे उलटे केले, मला आणखी थंड कोपऱ्यात सरकवले. पण आंबटात किती दिवस पुरे, हे मला आतून कळते. सातव्या दिवशी तंतू सुटू लागले होते. नवव्या दिवशी चमचा लागला की कडा विरून तळाशी बसत. मी ओरडून सांगितले असते, पण मला वाचा नाही. आयुष्यभर मी मांस नरम केले आणि आता माझ्यातच ते नासत होते.

शुक्रवारी सकाळी अपोल्सने विचारले, "आला का?"

"वाटेत आहे," काट्रीना म्हणाली. दुपारी तो गेला.

येफ्ता रविवारी आला, कोणाचा तरी मागून आणलेला कोट घालून. माती देऊन सगळे पांगले. काट्रीनाने मला उचलले आणि माझ्यातले सगळे लोखंडी भांड्यात ओतले. परतायला तुकडेच उरले नव्हते. शिजून त्याची आंबट पेज झाली. तिने ती येफ्तासमोर ठेवली.

त्याने एक चमचा खाल्ला. "मा, हे किती दिवस मुरलंय?"

"बारा."

त्याने दुसरा चमचा तोंडात घातला. मग म्हणाला, "दोनदा बसमध्ये बसलो होतो मी. घाट चढायच्या आधीच उतरलो. वाटलं, पा अजून तसाच बघेल माझ्याकडे."

"दाराकडे तोंड करून झोपायचा तो," काट्रीना म्हणाली. "दहा दिवस कूस बदलू दिली नाही मला. पाठ सोलून निघाली होती त्याची."

येफ्ता रडला. लहान मूल रडते तसा, तोंडात घास असताना रडला. काट्रीनाने त्याला थांबवले नाही आणि जवळही घेतले नाही.

आता मी रिकामीच असते. येफ्ताने मला राख आणि वाळूने घासून धुतले, पण वास जात नाही आणि काट्रीना माझ्यात काही घालत नाही. माझी काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो. बरण्या पुष्कळ मिळतात. तुमच्यासाठी कोणी काही करून ठेवले असेल तर मात्र वेळेवर जा. राग असेल तर रागाने जा, दारात उभे राहून भांडा, पण जा. उशिराने गेलात तरी जेवायला मिळते. येफ्तालाही मिळाले. त्याने भांडे खरवडून शेवटचा चमचाही खाल्ला, कारण बापाचा वाटाही त्यालाच संपवायचा होता.