मधल्या सुट्टीनंतरची शांतता

महाळुंग्यात शाळेच्या आवाराला लागूनच सुमनताईंचं घर. शाळेची वेळ कळायला त्यांना घड्याळ लागत नसे. प्रार्थना, पाढे, मधल्या सुट्टीतला कल्ला, शाळा सुटल्यावर फाटकातली रेटारेटी, सगळं कानांनीच समजायचं. त्यांची सारी नोकरी त्याच शाळेत गेली होती. गावात नुसती कांद्या-बटाट्याची शेतं होती आणि संध्याकाळी रस्त्यावर बैलांच्या घुंगरांशिवाय दुसरा आवाज नव्हता, तेव्हा त्या तिथं लागल्या. पुढं शेतं गेली, कंपन्यांच्या शेड आल्या, रस्त्यावर कंटेनर आले. हजेरीत गावच्या आडनावांच्या जोडीला लातूरची, बीडची, कोकणातली आडनावं आली. पण पोरांचा आवाज काही बदलला नाही. निवृत्तीनंतरही तो कानावर पडत असला की दुपारी त्यांचा डोळा लागायचा.

दिवाळीनंतर मात्र त्यांची दुपारची झोप उडाली, कारण दुसरीचा वर्ग गप्प झाला.

खिचडी खाऊन, ताटं धुऊन पोरं आत गेली की पहिलीतून गलका यायचा, चौथीतून पाढे यायचे आणि मधल्या खोलीतून काहीच यायचं नाही. खोकला नाही, पाटी पडल्याचा आवाज नाही, "मॅडम, हा बघा ना मारतोय" नाही. एखाद-दुसऱ्या दिवशी असतं तर त्यांनी मनावर घेतलं नसतं. हे रोजचंच झालं.

सुमनताईंना गप्प वर्ग एकच माहीत होता. त्या नव्या होत्या तेव्हा दत्तोबा गुरुजी हेडमास्तर होते. त्यांच्या वर्गात माशी फिरली तरी ऐकू यायची आणि गावाला त्याचं केवढं कौतुक! खुंटीला छडी टांगलेली असायची. पोरं फळ्याकडे कमी आणि खुंटीकडे जास्त बघायची. एकदा त्या वर्गातलं एक पोर बसल्या जागी ओलं झालं, पण उठून विचारायची त्याची छाती झाली नाही. सुमनताईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून लहान पोरांचा वर्ग गप्प दिसला की त्या आधी खुंटीकडे बघायच्या.

आणि आता त्या गप्प वर्गात त्यांची स्वतःची नात होती, शकू.

एकदा रात्री जेवताना शकूनं फ्रॉकच्या खिशातून बाटलीचं लाल टोपण काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय गं?"

"लाल. म्हणजे माझं अडलंय. भाजी तिखट आहे."

नवनाथ, शकूचा बाप, खो खो हसला. "आई, आमच्या कंपनीत मशीनवर दिवे असतात तसं आहे हे. लाल लागला की सुपरवायझर पळत येतो."

"शाळेत कसलं आलंय मशीन?" सुमनताई म्हणाल्या.

"असं नाही गं आज्जी," शकू म्हणाली. "हिरवं म्हणजे कळलं. पिवळं म्हणजे करतेय, पण खात्री नाही. लाल म्हणजे अडलं. बोलायचं नाही, नुसतं बाकावर ठेवायचं. मग मॅडम येतात."

"आणि खिचडी खाल्ल्यावर काय करता?"

शकूनं घास गिळला आणि ओठांवर बोट ठेवलं. "ते सांगायचं नाही."

"कुणी सांगितलं असं?"

"मॅडमनी. बाहेर कळलं तर बंद होईल म्हणाल्या."

नवनाथचं हसू तिथंच थांबलं.

रुपाली मॅडम मूळच्या लातूरकडच्या. पिंपळे गुरवला राहायच्या आणि स्कूटरवरून यायच्या. दिसल्या की लांबूनच नमस्कार करायच्या. इतकी नम्रताही आता सुमनताईंच्या डोळ्यांत खुपू लागली. ही बाई पोरांकरवी कंपन्यांमधलं टाकाऊ सामान कशाला मागवते? कुणी फोमचे तुकडे आणतं, कुणी खोके, कुणी रबरी रिंगा. शिकवायला खडू पुरत नाही का?

त्यांनी कुंपणापाशी भिमाबाईला गाठलं. ती शाळेत खिचडी शिजवायची.

"भिमाबाई, दुपारी दुसरीत चालतं काय?"

"मला काय ठावं बाई! ताटं उचलली की दार लावून घेत्यात. खिडकीला काळा कागद डकवलाय. परवा पाणी द्यायला गेले, तर एक पोरगं दारात येऊन मलाच असं बोट लावतंय ओठाला! म्हटलं मेल्या, माझी खिचडी खाऊन मलाच गप करतोस व्हय?"

"रडतं-बिडतं का कुणी आत?"

"रडलं असतं तर बरं वो. आवाजच न्हाई."

त्याच संध्याकाळी नानासाहेब आले. शाळेच्या समितीचे अध्यक्ष, पण सुमनताईंच्या हाताखाली शिकलेले. त्यामुळे पांढऱ्या कपड्यांत असले तरी पडवीच्या पायरीवरच बसायचे.

"बाई, उद्या दुपारी केंद्रप्रमुख यायचेत. पोरांचे आईबाप तक्रार घेऊन माझ्याकडं यायला लागलेत. ही बाई पोरांना कायतरी करती. तुमी नुसतं 'व्हय' म्हणा, दुसरीचा वर्ग तिच्याकडनं काढून घेतो आन् बदलीचंबी बघतो. तुमचा शब्द साहेब खाली पडू द्यायचे न्हाईत."

"बघितल्याशिवाय मी हो म्हणायची नाही, नाना."

"मग बघा की. भिंतीला भिंत हाय तुमची."

उठता उठता त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या खोल्यांकडे पाहिलं. "भाडेकरू ऱ्हात्यात का न्हाईत? चिटपाखरू दिसंना."

"राहतात तर. सगळ्या खोल्या भरल्यात. पोरंबाळं आहेत, पण कधी चकार शब्द ऐकू येत नाही. चांगली माणसं मिळाली."

"नशीब लागतं. माझ्या चाळीत नुसता बाजार भरल्याला आसतो."

सुमनताईंना ते ऐकून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी संपली तशा त्या कढीपत्त्याच्या डहाळ्या घेऊन भिमाबाईकडे निघाल्या. कढीपत्ता खिचडीच्या ओट्यावर टाकून त्या दुसरीच्या खोलीच्या मागच्या खिडकीशी गेल्या. काळ्या कागदाचा एक कोपरा सुटला होता. त्यांनी डोळा लावला.

आत पोरं वावरत होती, पण मांजराच्या पावलांनी. कुणी बोलत नव्हतं, हातांच्या खुणा चालल्या होत्या. आणि फळ्याखाली, फोमच्या तुकड्यांवर, एक पोर आडवं होतं. अंगावर तोंड झाकेपर्यंत ओढणी. बाहेर दिसत होते फक्त धुळीनं भरलेले तळपाय. ते हलत नव्हते.

सुमनताईंच्या मनात नको नको ते आलं. आजारी आहे? मारलंय? खिचडीतून काही घालतात की काय? त्यांनी साहेबांची वाट पाहिली नाही. वळसा घालून गेल्या आणि दार ढकललं.

सगळी पोरं एकदम वळली आणि सगळ्यांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या नजरेत भीती नव्हती, राग होता. दत्तोबा गुरुजींच्या पोरांनी असं रागानं कधी कुणाकडे बघितलं नव्हतं.

रुपाली मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मात्र पडला होता.

शकू चवड्यांवर चालत आली आणि आजीच्या चपलांकडे बोट दाखवलं. सुमनताईंनी चपला काढल्या, पण संशय काही सोडला नाही. सरळ फळ्याखाली गेल्या, ओढणी उचलली आणि कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. श्वास संथ चालला होता. चेहरा ओळखीचा निघाला. त्यांच्याच मागच्या खोलीतली दीपमाला.

"काय दिलंय हिला?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"काही नाही ओ बाई. झोपायलीय. निजायला जागा दिलीय, तेवढंच."

"ही काय झोपायची जागा आहे?"

"नाही. पण रोज लेकरू बाकावर डोकं टेकायचं. रागावून बघितलं, तोंडावर पाणी मारायला लावलं. एके दिवशी तशीच झोपू दिली, तर बाकीची आपोआप गप झाली. लेकरं म्हणाली, मॅडम, आमच्यात पप्पा रात्रपाळी करून झोपल्यावर आम्ही असाच अभ्यास करतो." रुपाली मॅडमनी वर्गाकडे हात केला. "एका खोलीत झोपलेल्या माणसाला न उठवता जेवायचं, खेळायचं, भांडायचं सुद्धा, हे सगळं लेकरं घरून शिकून आलीत. मी त्यात अभ्यास घातला फक्त. सगळ्यांना आवडायलंय. ज्याला झोप आली त्याला निजवायचं, बाकीच्यांनी त्याला जपत शिकायचं."

सुमनताईंनी आता नीट पाहिलं. एक मुलगा पुढच्याच्या पाठीवर बोटानं शब्द लिहीत होता आणि पुढचा तो शब्द खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या अक्षरांनी लावत होता. चुकला की मागचा डोकं हलवायचा आणि परत लिहायचा. दोन मुली काठीत रबरी रिंगा अडकवून दशक मोजत होत्या. बाकांवर टोपणं होती, बरीचशी हिरवी. नवीन शिक्षिकेचं हे चाललेलं त्यांच्या जुन्या डोळ्यांना खरं दिसत होतं, आणि तरीही कुठंतरी टोचत होतं.

"काम चोख आहे, मग कागद कशाला? पोरांना शपथा कशाला घालायच्या?"

"बाहेरून बघणाऱ्याला झोपलेलं लेकरूच दिसणार ना. आणि..." रुपाली मॅडम थांबल्या.

"आणि काय?"

"दीपमालाच्या आईनं हात जोडले होते. घरमालकिणीला कळू देऊ नका म्हणाली."

"मला? का?"

"तिची रात्रपाळी, बापाची दुसरी पाळी. आई संध्याकाळी गाडीनं जाते, बाप यायला मध्यरात्र होते. तोवर धाकटा भाऊ हिच्याजवळ. तो रडू नये म्हणून ही मांडीवर घेऊन जागत बसते. खोली घेताना त्यांना सांगितलंय म्हणं, लेकरांचा आवाज आला तर खोली खाली करावी लागेल."

हे सुमनताईंनीच सांगितलं होतं. पडवीत उभ्या राहून, वर्गात बोलायच्या त्याच आवाजात, बोट वर करून. आणि संध्याकाळी मागून आवाज येत नाही म्हणून कालच त्या नानाला कौतुक सांगत होत्या.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. नानासाहेबांचा आवाज व्हरांडा दणाणून सोडत आला. "बाई! बघितलं का? ह्ये बघा साहेब, म्या म्हणत हुतो न्हाई..."

पोरांची बोटं ओठांवर गेली. सुमनताईंचंही बोट ओठांवर गेलं.

"नाना, चपला काढ," त्या कुजबुजल्या. "साहेब, तुम्हीही."

नानासाहेबांनी आधी चपला काढल्या, मग त्यांना प्रश्न पडला. साहेब बूट हातात घेऊन आत आले आणि झोपलेल्या पोरीपाशी थबकले.

"हे काय चाललंय, बाई?"

"वर्ग चाललाय. पाठीवर लिहितायत ते बघा. कुणाची पण पाठ पुढं करा, तुमचं नावसुद्धा लिहितील."

साहेबांनी बाकांमधून चक्कर मारली. एका मुलानं लाल टोपण त्यांच्यापुढं सरकवलं. साहेबांना काही कळेना. रुपाली मॅडम वाकून त्या मुलाजवळ बसल्या, काठीतली एक रिंग काढली, एक घातली आणि मुलानं लाल टोपण उचलून हिरवं ठेवलं.

"ते सगळं ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण ही जी झोपलीय, ती हजेरीत कशी दाखवायची?"

"हजर," सुमनताई म्हणाल्या. "हजर नाही का?"

नानासाहेब त्यांच्या कानाशी आले. "बाई, खिचडी तुमीबी खाल्ली का काय? आन् तक्रारीचं काय मग?"

आता रुपाली मॅडमही सुमनताईंकडे बघत होत्या, बाकावरच्या पोरांसारख्याच. एका शब्दावर वर्ग जाणार होता.

"तक्रार आहे," सुमनताई म्हणाल्या. "साहेब, तो काळा कागद काढायला सांगा. वर्ग रस्त्यावरून दिसला पाहिजे. झाकलेल्या खोलीबद्दल माणूस वाईटच धरणार, मी धरलंच. आणि मॅडमना दुसरीवरून हलवायचं नाही."

नानासाहेबांना ते पटलं नाही. चपला घालताना ते पुटपुटत होते, पण तेही दबक्या आवाजातच.

संध्याकाळी सुमनताई घरामागं गेल्या. इतक्या वर्षांत भाड्याच्या निमित्ताशिवाय त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. उंबऱ्यात दीपमाला धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. आई कंपनीच्या गाडीसाठी निघायच्या तयारीत होती. सुमनताईंना पाहताच तिनं पोराच्या हातातला खुळखुळा काढून पाठीमागं लपवला.

"आमचं काही चुकलं का, बाई?"

"तुमचं नाही. बाप येईपर्यंत दोघांनी पुढं आमच्या घरात यायचं, शकूपाशी. तिथंच झोपतील. आणि हा रडला तर रडू दे."

"बरं," आई म्हणाली. पण तिची नजर सुमनताईंच्या चेहऱ्यावरून हलेना. यांना काय हवंय, ते तिला समजत नव्हतं. गाडीचा हॉर्न वाजला तशी ती मागं बघत बघत गेली.

दीपमालाही तशीच बघत होती, एकटक, डोळे बारीक करून. दुपारी कागदाच्या कोपऱ्यातून सुमनताईंनी बघितलं होतं तसं. मग तिनं खिशात हात घातला, चाचपलं आणि उंबऱ्यावर टोपण ठेवलं, खात्री नसल्याचं. पिवळं.

सुमनताई पुढं झाल्या. तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.

धाकटा कुरकुरला. दीपमालाचा तळवा सवयीनं त्याच्या तोंडाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिनं सुमनताईंकडे बघितलं. त्या तशाच बसून राहिल्या. पोरानं तोंड वासलं आणि मोकळा गळा काढला. आवाज पत्र्यावर आदळून शाळेच्या भिंतीपर्यंत गेला. शेजारच्या खोलीचं दार किलकिलं झालं, कुणीतरी डोकावलं आणि बाईंना पाहून घाईनं दार लावून घेतलं.

पोर रडत होतं. दीपमाला वाट बघत होती. टोपण अजून पिवळंच होतं.