तेल प्यायलेली फळी

खाटेखाली टक् झालं आणि पीठ मळता मळता माझे हात परातीतच थांबले.

वर माझ्या लेकीने, दिपूने, नुसती कूस बदलली होती. तिच्या खाली, फरशीवर, मी बाबांचा बटणांचा बेंजो दडपून ठेवला होता. सुताराकडे असतो तसा शिकंजा माझ्याकडे नाही, म्हणून ही युक्ती. बेंजोच्या लाकडी पेटीवर डिंक लावलेलं झाकण ठेवायचं आणि झाकण ते खाटेची फळी एवढ्या उंचीत आकाशकंदिलाच्या उरलेल्या जाड कामट्या धनुष्यासारख्या वाकवून अडकवायच्या. त्या सरळ व्हायला बघतात आणि झाकण दाबून धरतात. त्यातलीच एक उडाली होती.

हात पुसत मी पोटावर सरपटत आत गेले. झाकणाला बोट लावलं मात्र, ते डब्याच्या झाकणासारखं सरकलं. कालपासून दाबून ठेवलेला डिंक सायीसारखा सोलून माझ्या बोटाला चिकटला. मी तो नाकाशी नेला. माशाचं तेल!

चूक माझीच. माझे बाबा, काळूराम, उरणच्या खाडीत होडी घालायचे आणि हळदीच्या मांडवात बेंजो वाजवायचे. पावसाळ्याआधी होडी वर ओढली की तिला माशाचं तेल चोळायचे, ते बघतच मी वाढले. यंदा त्यांना लकवा झाला, उजवा हात गेला, होडी मोडीत निघाली. तिची एक फळी मी मागून आणली. ती इतकी कोरडी, पांढरट पडलेली दिसली, की राहवलं नाही, पोराच्या अंगाला लावावं तसं तिला तेल लावलं. मग तिचीच बेंजोला नवी पेटी केली. तेल प्यायलेल्या लाकडाला डिंक कुठून धरणार?

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, बोटं आत्ता हलवली नाहीत तर ती कायमची आखडतील. पण बाबा रबराचा चेंडू हातात घेईनात. "मी काय पोर हाय चेंडू खेलाला?" जुन्या बेंजोची पेटी वाळवीने खाल्ली होती. बटणांची पट्टी, खुंट्या आणि तारा तेवढ्या शाबूत होत्या. म्हटलं, चेंडू नको तर तार तरी छेडतील. आज प्रितेश, माझा भाऊ, त्यांना घेऊन येणार होता.

"काय गो किशोरी, खाटेखाली अंडी उबवतंस का?" दारात सासूबाई, सोनाबाई.

"हळू बोला ना आई. दिपू उठेल."

"नातीची एवढी काळजी, नि माझे खाटेला भोका पारलीस!"

"भोकं नाहीत हो, चरे पडलेत."

तेवढ्यात फोन थरथरला. "ताई, पनवेल स्टँडला उतरलो. रिक्षा बघतोय. बाबा आत्तापासूनच म्हणतायत, परत कधी जायचं."

स्टँडवरून आमच्या विचुंब्याला यायला कितीसा वेळ! करवतीच्या तुटक्या पात्याला एका टोकाला चिंधी गुंडाळली आहे, तीच माझी पटाशी. तिने पेटीच्या कडा खरवडल्या. कपाटातली नेलपॉलिश काढायची बाटली आणली. कापूस भिजवून पुसलं, कापूस पिवळा. पुन्हा पुसलं, पुन्हा पिवळा. वर दिपूचा श्वास ऐकू येत होता. शेवटी कापूस पांढरा राहिला, तशी दोन नळ्यांतला झटपट सुकणारा डिंक कालवला, झाकण बसवलं, एकेक कामटी वाकवली. उडालेली कामटी तडकली होती. त्या कोपऱ्यावर कुमारने, माझ्या नवऱ्याने, कळंबोलीच्या बाजारातून आणलेला लोखंडाचा तुकडा ठेवला.

बेल वाजली. दिपू उठून बसली. खाट हलली, कामट्या करकरल्या, मी डोळे मिटले. एकही उडाली नाही.

प्रितेशने बाबांना खुर्चीत बसवलं. उजवा हात त्यांनी मांडीवर उचलून ठेवला, बाजूला ठेवलेल्या पिशवीसारखा. चहा झाला. सासूबाईंना माझी घालमेल कळली असावी. वेळ काढायला त्यांनी दुसरा चहा टाकला, वर खाडीतल्या कोळंबीच्या भावावरून बाबांशी वादही घातला. पण बाबांचं नाक हलत होतं.

"बाय, घरात म्हावरा सुकत घातलाय का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. कामट्या काढल्या, पेटी ओढून आणली, बटणांची पट्टी वर बसवली. डाव्या हाताचं बोट बाबांनी पेटीच्या कुशीतल्या खिळ्याच्या भोकावर ठेवलं. आपली होडी ओळखली.

"तेल लावलंस?"

"लावलं. मग काढलं."

"येडी." पण ओठ एका बाजूने हलले. "तार तान."

"आत्ता नको बाबा, डिंक अजून पक्का झाला नाही. एक दिवस जाऊ दे."

"तान गो."

सायकलच्या स्पोकची चावी घासून मी खुंट्या पिळायला केली आहे. एक तार अडकवली आणि पिळली. छेडून पाहिली, सूर चढला. आणखी पिळली. लाकूड कण्हलं, तशी मी थांबले. झाकणाच्या कडेवर बोट फिरवलं, फट नव्हती. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "आजून." पिळली. सासूबाईंनी गॅस बंद केला. "आजून जरा... बस."

झाकण धरून राहिलं.

बाबांनी डाव्या हाताने बटण दाबलं आणि उजव्या हाताकडे पाहिलं. सगळेच पाहत होतो. कपाळावरची शीर फुगली, खांदा हलला. हात मांडीवरच.

दिपू खाटेवरून उतरून पुढे गेली. तिने तो हात दोन्ही हातांनी उचलला आणि अलगद तारेवर ठेवला. बोटं तारेवर पडून राहिली. बाबांनी बटण सोडलं नाही.

तिने वाट पाहिली. मग वळून माझ्याकडे बघत हळूच विचारलं,

"आई, आजोबांचा हात झोपलाय की रुसलाय?"