रेघ सरकली होती

मित्रांनो, मी एक जुना नट आहे. नाटकातला नव्हे, बोल्टावरचा. आणि आज मी भयंकर चिडलेला आहे.

माझ्या आत नायलॉनची कडी आहे. ती बोल्टाला घट्ट धरते, म्हणून हादरे बसले तरी मी सहज सुटत नाही. पण फार तापली की ती मऊ पडते आणि पुन्हापुन्हा काढघाल केली की झिजते. तरी लाँड्रीतल्या फिटरने मला इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर, तापलेल्या रोलरला खेटून बसवलं! बोटं आत जाऊ नयेत म्हणून रोलरपुढे असलेला लोखंडी दांडा माझ्या भरवशावर होता. तिथे खाचांचा नट आणि तो फिरूच नये म्हणून आरपार जाणारी पिन हवी होती. पण त्याच्या हाताशी मी होतो.

रोलरमध्ये चादरी घालणाऱ्या मावशी हुशार होत्या. त्यांनी नेलपॉलिशने बोल्टावरून माझ्यावर एक सरळ लाल रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, एवढं साधं गणित. आठवड्यात रेघ तुटली.

"दादा, रेघ सरकलीय. मशीन थांबवून बघा ना."

"मावशी, नखं रंगवा, मशीन कशाला रंगवताय?" फिटर हसला. त्याने मला काढून पुसलं आणि दात-ओठ खाऊन पुन्हा पिळलं.

असं तीनदा झालं. अरे, आवळणं वेगळं आणि अडवणं वेगळं! माझी कडी झिजत गेली. मावशी दर वेळी नवी रेघ ओढत राहिल्या.

चौथ्यांदा तो म्हणाला, "जेवून आल्यावर बघतो." मशीन चालूच राहिलं. मी गळून पडलो, दांडा खाली आला आणि चादरीबरोबर मावशींचा उजवा हात आत ओढला गेला. दोन बोटं गेली.

मालक म्हणाले, "नटच हलका निघाला." चोर सोडून संन्याशाला फाशी! लोक वेड्याला म्हणतात, याचे आटे ढिले झालेत. इथे नक्की कुणाचे ढिले होते?

पट्टी बांधलेल्या हाताने मावशींनी मला मालकांच्या टेबलावर ठेवलं. "साहेब, ही माझी रेघ. चार वेळा सांगितलं होतं."

खाचांचा नट पिनेसकट त्याच दुपारी बसला. एका दुपारचं काम!

मित्रांनो, रेघ सरकली असं कुणी म्हणालं, तर आधी मशीन बंद करा. मावशी नव्या नटावरही रेघ ओढतात. आता डाव्या हाताने. जरा वाकडी येते.