भैरव घाट, इंजिन बंद

भय्यासाहेब पोतनीसांनी गाडी बदलली, पण सवयी काही बदलल्या नाहीत, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

उज्जैनचा सिंहस्थ होऊन दोन वर्षं झाली होती. बाजारात रोज काही ना काही नवं येत होतं आणि फ्रीगंज वस्तीतला जो तो मारुतीच्या मागे लागला होता. भय्यासाहेबांनी मात्र ठणकावून सांगितलं की असली डबडी पोतनीसांच्या दारात उभी राहणार नाहीत. जुनी अँबॅसिडर काढली आणि अँबॅसिडरच आणली, पण जपानी इंजिनची. इसुझु! मग काय विचारता? दूधवाला असो, पोस्टमन असो, देवासगेटवर बसची वाट बघणारा एखादा पाहुणा असो, ज्याला त्याला धरून इसुझुचं पुराण. इसुझु ही मुळात नदी बरं का. तिकडे जपानात एका मोठ्या देवस्थानाजवळून वाहते, आपल्या क्षिप्रेसारखीच. त्या लोकांनी तिचं नाव आपल्या ट्रकना दिलं. ट्रक आधी, जीपसारख्या दांडग्या गाड्या कितीतरी नंतर. ट्रक ओढणाऱ्यांच्या घरचं इंजिन, त्याला आपली अँबॅसिडर म्हणजे खेळणं! "इसुझु है, मजाक नहीं," असं म्हणून ते बॉनेटवर थाप मारत.

इंजिन होतंही गुणी. थंडीत सकाळी एका फटक्यात सुरू व्हायचं. इतकं शांत चालायचं की ते चालू आहे हे भय्यासाहेबांच्या लक्षातच यायचं नाही. ते पुन्हा किल्ली फिरवत आणि आतून अशी करकर यायची की शेजारी बसलेल्या बायकोचे, माईंचे, दात आंबत. गिअर पाच होते, पण साहेब चौथ्यापुढे जायला महिनाभर तयार नव्हते. समोरच्या डॉक्टरांकडे काँटेसा होती, तिलाही इसुझुचंच इंजिन. दोघं संध्याकाळी गाड्यांशी उभे राहून व्याह्यांसारखे एकमेकांच्या लेकराचं कौतुक करत बसायचे.

या लेकराला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मात्र चालत नसे. मुलगा अपूर्व बँकेत अधिकारी, पदरी सहा वर्षांची गौरी, पण गाडी मिळायची ती फक्त पेट्रोल भरून आणायला. सुनेचा तर प्रश्नच नव्हता. सून चारुलता, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. शाळेत तिच्या नुसत्या बघण्याने वर्ग गप्प व्हायचा आणि घरी भय्यासाहेब खाकरले की ही गप्प. भय्यासाहेब काही मारकुटे नव्हते, शिवीगाळही करत नसत. ते नुसतं बघायचे, मग दोन दिवस बोलायचे नाहीत. सगळं घर त्या दोन दिवसांत चवड्यांवर चालायचं.

तर या चारुलताला गाडी चालवायची हौस. नवरा तसा भला, बायकोचा शब्द मोडवेना त्याला. दुपारी भय्यासाहेबांचा डोळा लागला की पेट्रोलच्या नावाखाली दोघं कोठी रोडला जात आणि तिथे ही शिकत असे. घरात कुणाला पत्ता नव्हता.

दिवाळीच्या सुमाराला एकदा कोठी रोडच्या उतारावर तिच्या हातून क्लच सुटला आणि इंजिन बंद पडलं. गाडी घरंगळू लागली. तिने ब्रेक दाबला, लागला. सोडून पुन्हा दाबला, थोडा लागला. तिसऱ्यांदा दाबला तर पायाखाली जणू दगड! पाय आत जाईना, गाडी थांबेना आणि समोर उसाच्या रसाची गाडी. अपूर्वने हँडब्रेक ओढला म्हणून रसवाला वाचला. मग त्याने तिला समजावलं की गाडीत दोष काही नाही. आजकालच्या गाड्यांत ब्रेकला इंजिनची मदत असते, पाय हलका लागावा म्हणून. इंजिन बंद झालं की उरलीसुरली मदत एकदोन वेळा पुरते, पुढे सगळा भार माणसाच्या पायावर. जुन्या गाडीत हे नव्हतंच. तिथे इंजिनचं इंजिन, ब्रेकचा ब्रेक.

चारुलता तेव्हाच म्हणाली होती की हे भय्यासाहेबांना सांगायला हवं. अपूर्वने हात झटकले. कुठे कळलं म्हणून विचारलं तर काय सांगणार? आणि उज्जैनमध्ये घाट म्हटला की नदीचा. इथे कुठली आलीय ढलान? बरोबरच होतं त्याचं. विषय तिथेच मिटला.

संक्रांत झाली आणि भय्यासाहेबांनी ओंकारेश्वरची टूम काढली. गाडीला नर्मदा दाखवायची. अपूर्वच्या बँकेत तपासणी होती, तो राहिला. पुढे भय्यासाहेब आणि माई, मागे चारुलता आणि गौरी, असे चौघं सकाळीच निघाले. इंदूर मागे पडलं, सिमरोल आलं आणि भय्यासाहेबांना कंठ फुटला. चीनच्या लढाईनंतर पेट्रोलची मारामार होती, तेव्हापासूनचा त्यांचा नेम. घाट लागला की गाडी न्यूट्रलवर टाकायची आणि इंजिन बंद. अख्खा भैरव घाट एक थेंब न जाळता उतरायचा. "आज बघू, इसुझु कशी लुढकते ते," ते म्हणाले.

कोठी रोडवरचा तो दगड चारुलताला पायाखाली पुन्हा लागला, आणि कोठी रोडचा उतार तो केवढा! इथे तर मैलोन्मैल वळणं, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. सांगायलाच हवं. पण कसं? आधी ब्रेकचं सांगायचं, मग विचारतील तुला गं काय ठाऊक, मग कोठी रोड, मग अपूर्वचं खोटं. मग ते नुसतं बघतील. मनातल्या मनात तिने वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं.

शेवटी कसंबसं म्हणाली, "भय्यासाहेब, नवी गाडी आहे. इंजिन चालूच ठेवलं तर?"

भय्यासाहेब खो खो हसले. आता मास्तरीणबाई आम्हाला गाडी शिकवणार, असं म्हणाले. गौरीही हसली. माई हसल्या नाहीत.

घाटाच्या तोंडाशी देवळापाशी गाडी थांबली. येणारेजाणारे ड्रायव्हर तिथे हात जोडूनच पुढे जातात. भय्यासाहेबांनी नारळ फोडला, सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. चारुलता त्यांच्याशेजारीच उभी होती, अगदी हातभर अंतरावर. याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? एकदा तोंड उघडलंही तिने. ते म्हणाले, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही." आणि गपचूप गाडीत जाऊन बसली. अहो, वर्गात साठ मुलींना दम देणारी बाई! पण भीती अशीच असते, ती पगार आणि पदव्या बघून येत नाही.

पहिलं वळण गेलं आणि भय्यासाहेबांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. इतका वेळ लक्षातही न आलेला आवाज गेला आणि नुसता वारा उरला. गौरीला मजा वाटली, ती खिडकीला नाक लावून बसली. चारुलताने तिला ओढून मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी आवळलं. मुलगी वैतागून सुटायला बघत होती, ही सोडेना. हिची नजर भय्यासाहेबांच्या उजव्या खांद्यावर. ब्रेक दाबला की तो खांदा जरा पुढे झुकायचा.

खांदा झुकला. गाडी सुरेख मंदावली, वळण घेतलं. भय्यासाहेब खुशीत, बघा म्हणाले. पुढचा उतार सरळ आणि चांगलाच तीव्र होता. गाडीने वेग घेतला. पुन्हा खांदा झुकला, या वेळी थोडा जास्त, आणि गाडी थोडी कमी मंदावली. भय्यासाहेबांना कळलं नाही. चारुलताला कळलं. बोल, बोल मेले, ती स्वतःला म्हणत होती, आणि ओठ काही हलत नव्हते.

वळणापलीकडे समोर ट्रक होता. सळया भरलेला, सावकाश उतरणारा. सळया मागे हात-दोन हात बाहेर आलेल्या, टोकाला लाल चिंधी बांधलेली. बाजूने काढायची सोय नाही, कारण समोरून कापसाचे ट्रक रांगेने घाट चढत होते. भय्यासाहेबांनी ब्रेकवर पाय ठेवला. खांदा झुकला, मान ताठली, सगळं अंग सीटवरून उठलं, पण गाडी चाललीच होती.

"अहो," माई म्हणाल्या.

भय्यासाहेबांनी हँडब्रेक खेचला. जळका वास आला, बाकी काही नाही. लाल चिंधी मोठी होत होती. सळयांची टोकं आता एकेक वेगळी दिसत होती, नेमकी काचेच्या उंचीवर, नेमकी माईंच्या समोर. भय्यासाहेब पुटपुटत होते, ब्रेक गेला, ब्रेक गेला. त्यांचा आवाज म्हाताऱ्याचा झाला होता. चारुलताने तो आवाज याआधी कधी ऐकला नव्हता, आणि तिचं तोंड उघडलं ते तिथे.

"ब्रेक गेला नाहीय. किल्ली फिरवा."

त्यांना ऐकूच गेलं नाही. ती पुढे वाकली आणि त्यांच्या कानाशी, वर्गातल्या आवाजात म्हणाली, "किल्ली फिरवा, भय्यासाहेब. इंजिन चालू झालं की ब्रेक लागेल. मला माहीत आहे."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं की नाही तेही कळेना. ते पुन्हा किल्लीकडे हात नेऊ लागले, तशी ती म्हणाली, "चालू आहे. पाय दाबा." त्यांनी दाबला. गाडीने नाक खाली घातलं, सगळे पुढे आदळले आणि लाल चिंधी बॉनेटवरून सरकत सरकत लांब गेली. ट्रकवाल्याला कशाचा पत्ताही नव्हता. तो आपला गाणी वाजवत पुढे निघून गेला.

पुढे कड्याला लागून थोडी जागा होती, तिथे भय्यासाहेबांनी गाडी घेतली. दार उघडून खाली उतरले. दाराला धरून उभे राहिले. माई उतरल्या. चारुलताने उतरून गौरीला खाली ठेवलं. जीव वाचला होता, पण भीती काही गेली नव्हती. आता दुसरी सुरू झाली.

तुला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. कोठी रोड, दुपारची वेळ, रसवाला, सगळं. नवऱ्याचं नाव लपवलं नाही. भय्यासाहेब ऐकत होते, रागावलेले दिसत नव्हते, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

"म्हणजे दिवाळीपासून तुला ठाऊक होतं."

"हो."

"वर मी किल्ली फिरवली, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मांडीवर पोरगी होती तुझ्या."

चारुलताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने मान हलवली.

"मग बोलली का नाहीस गं?"

"भीती वाटली."

"घाटाची?"

"तुमची," ती म्हणाली.

कापसाचा एक ट्रक घरघरत वर गेला. भय्यासाहेबांनी माईंकडे बघितलं. आयुष्यभर प्रत्येक भांडणात माईंनी त्यांचीच बाजू घेतली होती. आता त्या सुनेला चार शब्द सुनावतील, असंच त्यांना वाटलं असणार. माई पदराने तोंडावरची धूळ पुसत होत्या.

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "दर घाटात डोळे मिटून बसते मी. तुमच्या कधी ध्यानात नाही आलं."

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. ते दाराला धरूनच हळूहळू उकिडवे बसले, गौरीच्या उंचीला आले. या नातीला त्यांनी खांद्यावर बसवून महाकालची सवारी दाखवली होती. तिला तरी आपली भीती नाही, एवढी त्यांची खात्री होती.

"तुला गं, बेटा?" त्यांनी विचारलं. "तुला वाटते का आजोबांची भीती?"

गौरीने आधी आईच्या तोंडाकडे बघितलं, बोलू की नको म्हणून. ती नजर चारुलताने ओळखली, आणि सळया समोर आल्या होत्या तेव्हाही झालं नव्हतं एवढं तिच्या काळजात चर्र झालं.

"सांग," चारुलता म्हणाली. "जे असेल ते सांग."

"वाटते," गौरी म्हणाली, आणि पटकन माईंच्या मागे जाऊन उभी राहिली.